मेजर स्ट्रासरचा आवाज

मागच्या भागात आपण ‘कॅसाब्लँका’वर तासभर बोललो आणि मेजर स्ट्रासरचं नाव जेमतेम दोनदा आलं. साहजिक आहे. हम्फ्री बोगार्ट आणि इन्ग्रिड बर्गमन समोर असताना नाझी अधिकाऱ्याकडे कोण बघणार? पण माझं रोजचं काम ध्वनिशास्त्रातलं आहे. परक्या भाषेत बोलताना माणसाची मूळ भाषा कुठे कुठे डोकं वर काढते, त्याचे आलेख मी बघत असते. त्यामुळे सिनेमा लावला तरी माझा कान आधी उच्चारांकडे जातो. ‘कॅसाब्लँका’ हा तर उच्चारांचा भरलेला बाजार आहे, आणि त्या बाजारात सगळ्यात शांत, सगळ्यात आटोपशीर आवाज स्ट्रासरचा आहे.

तो आवाज कॉन्राड फाइटचा. (आडनाव मराठी कानाला मारामारीसारखं वाटतं, पण उच्चार खरंच तसा आहे.) नाव ओळखीचं नसलं तरी त्याची छाया तुम्ही पाहिलेली आहे. बॅटमनचा जोकर त्याच्या एका फोटोवरून सुचला, आणि डिस्नेच्या ‘अलादिन’मधला जाफर बराचसा त्याच्यावरून उचललेला आहे. त्याच्याबद्दल शोधायला गेलात तर दोनच गोष्टी सापडतात: जोकरचा आजोबा, आणि नाझींना नाही म्हणणारा शूर नट. दोन्ही खोट्या नाहीत. पण दोन्हींमधून त्याचा अभिनय गायब होतो, आणि माझ्या मते त्याच्या आयुष्यातली खरी झटापट अभिनयातच दिसते. भाषा मागे सोडून आलेल्या नटाला नव्या देशात नेमका तोच गणवेश मिळतो, ज्याच्यापासून तो पळून आलाय. मग तो त्या गणवेशाचं काय करतो?

सुरुवातीचं थोडक्यात सांगते. जन्म बर्लिनचा, २२ जानेवारी १८९३. विशीत मॅक्स राइनहार्टच्या डॉइचेस थिएटरमध्ये शिरकाव, छोटी छोटी कामं. मग पहिलं महायुद्ध, पूर्व आघाडी, तिथे कावीळ आणि न्यूमोनिया, त्यानंतर सैनिकांसाठीच्या नाटकमंडळीत काम, आणि पुन्हा बर्लिन. राइनहार्टचं नाट्यगृह त्या काळात नटांची टाकसाळ होती. विसाव्या दशकातल्या जर्मन सिनेमातला जवळजवळ प्रत्येक मोठा चेहरा तिथून गेलेला आहे.

१९२० साली ‘डॉक्टर कालिगारीचं कपाट’ आला. नसेल पाहिला तर पाहा, सव्वा तासाचा मूकपट आहे. वाकड्यातिकड्या भिंती, सावल्यासुद्धा रंगवलेल्या. फाइट त्यात सेझारे आहे: जत्रेत दाखवला जाणारा, झोपेत चालणारा तरुण, जो मालकाच्या हुकमावरून खून करतो. मालक कालिगारीचं काम वेर्नर क्राउसने केलंय. (हे नाव लक्षात ठेवा.) या सिनेमाची गंमत अशी की बाकीचे नट साध्या घरातल्यासारखे वावरतात आणि मागचे पडदे वेगळंच काही सांगत राहतात. फक्त क्राउस आणि फाइट त्या चित्राच्या आतले वाटतात. सेझारेचे डोळे पहिल्यांदा उघडतात तो क्लोजअप लांबच लांब आहे, आणि त्यात फाइट काय करतो तर जवळजवळ काहीच नाही. पापण्या उचलतो. चेहऱ्यावर आधी कष्ट येतात, मग भीती, आणि मग ती भीती कुठेतरी आत निघून जाते. नंतर तो भिंतीला लागून सरकतो, तेव्हा त्याचं लांब, काळं शरीर त्या भिंतीवरची आणखी एक रेघ होऊन जातं. अख्ख्या सिनेमात सर्वांत कमी हालचाल करणारा माणूस सर्वांत जास्त लक्षात राहतो. हे स्थिर राहणं त्याने तिथे कमावलं आणि शेवटपर्यंत वापरलं.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९१९ मध्ये, त्याने एक असं काम केलं होतं जे आजही धाडसाचं वाटावं. रिखार्ड ओस्वाल्डचा ‘इतरांपेक्षा वेगळे’. पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जर्मन कायद्याच्या कलम १७५ विरुद्ध उभा राहिलेला हा सिनेमा. फाइट त्यात व्हायोलिनवादक आहे, त्याचं आपल्या शिष्यावर प्रेम आहे, आणि एक माणूस त्याला ब्लॅकमेल करतोय. डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड या सिनेमाच्या लेखनात होते आणि पडद्यावरही दिसतात. १९२० मध्ये सार्वजनिक खेळांवर बंदी आली. १९३३ च्या मे महिन्यात नाझींनी हिर्शफेल्ड यांची संस्था लुटली आणि पुस्तकं जाळली. सिनेमाचे आज तुकडेच उरलेत. त्या तुकड्यांत फाइटचा अभिनय कुठेकुठे भडक वाटतो, हे मान्य. पण तो त्या माणसाची कीव करत नाही. एका होतकरू नटाने, करिअर उभं राहायच्या आत, असं काम स्वीकारलं याचं मला फार वाटतं.

आता एक सिनेमा असा, ज्याचा फोटो मी कधीतरी भिंतीवर लावणार आहे. पाउल लेनीचा ‘मेणाचे पुतळे’, १९२४. जत्रेतल्या मेणाच्या पुतळ्यांवर तीन गोष्टी, तीन नट. एमिल यानिंग्स हारून अल रशीद, फाइट रशियाचा क्रूर इव्हान, आणि क्राउस लंडनचा खुनी जॅक. तिघेही राइनहार्टकडचे. पुढच्या वीस वर्षांत या तिघांचं काय झालं हे बघितलं, तर जर्मन रंगभूमीचा इतिहास वेगळा वाचायला नको.

यानिंग्स हॉलिवूडला गेला, अभिनयाचं पहिलंवहिलं ऑस्कर घेतलं, बोलपट आल्यावर परतला आणि नाझी राजवटीचा लाडका नट झाला. १९४१ मध्ये ‘ओम क्रूगर’सारखा उघड प्रचारपट केला. युद्धानंतर त्याला काम करायची बंदी आली आणि १९५० साली तो ऑस्ट्रियात वारला. (जाता जाता: त्याची बायको गुस्सी होल ही आधी फाइटची पहिली बायको होती. बर्लिनचं नाट्यजगत आपल्या गिरगाव-दादरइतकंच लहान होतं.) क्राउसही जर्मनीतच राहिला. त्याच्याकडे येतेच.

फाइट १९२६ च्या सुमारास हॉलिवूडला गेला. तिथे १९२८ साली लेनीनेच त्याला ‘हसणारा माणूस’मध्ये घेतलं. लहानपणी ज्याचा चेहरा कापून कायमचं हसू कोरलं गेलंय, असा हा माणूस. जोकर या फोटोवरून निघाला. श्रेय कुणाचं यावर त्याच्या निर्मात्यांचं कधी एकमत झालं नाही, पण फोटोबद्दल वाद नाही. जोकरच्या चाहत्यांना मात्र हे सांगायला हवं की मूळ पात्र खलनायक नाहीच. दातांची ती भयानक रांग स्थिर आहे आणि वर डोळे रडताहेत. अर्धा चेहरा बांधून टाकल्यावर उरलेल्या अर्ध्याने अभिनय कसा करायचा याचा तो वस्तुपाठ आहे. कॉमिकवाल्यांनी दात घेतले आणि डोळे सोडून दिले.

मग बोलपट आले. फाइटचं इंग्रजी तेव्हा तोकडं होतं. मूकपटात तो कुठल्याही देशाचा होऊ शकत होता. तोंड उघडल्याबरोबर जर्मन झाला. १९२९ मध्ये तो घरी परतला. इथवर त्याची आणि यानिंग्सची गोष्ट एकच आहे.

१९३३ मध्ये वाटा फुटल्या. फाइट स्वतः ज्यू नव्हता. नव्या राजवटीला त्याच्यासारखा देखणा, नावाजलेला नट हवाच होता. पण त्या वर्षी त्याने लिली प्रागर या ज्यू स्त्रीशी लग्न केलं आणि दोघं इंग्लंडला निघून गेली. त्याच्या चरित्रांत एक प्रसंग हमखास येतो: नटांकडून वंशाचा फॉर्म भरून घेत होते, त्यात त्याने स्वतःपुढे ‘ज्यू’ असं लिहिलं. गोष्ट इतकी नीटनेटकी आहे की मी ती जरा जपूनच सांगते. तिच्यापेक्षा मला त्याने निवडलेलं काम जास्त ठोस वाटतं. १९३४ साली लंडनमध्ये त्याने ‘ज्यू स्यूस’ केला. लिऑन फॉइश्टवांगरच्या कादंबरीवरचा हा सिनेमा अठराव्या शतकातल्या एका ज्यू दरबाऱ्याची गोष्ट सांगतो आणि सरळसरळ ज्यूद्वेषाच्या विरोधात उभा राहतो. त्यानंतर जर्मनीत परत जायचा प्रश्नच उरला नाही.

आता क्राउस. १९४० साली गोबेल्सच्या खात्याने त्याच ऐतिहासिक माणसावर त्याच नावाचा सिनेमा काढला. फाइट हार्लान दिग्दर्शक. उद्देश नेमका उलटा, ज्यूंबद्दल किळस पेरणं. त्यात एकाहून जास्त ज्यू पात्रं एकाच नटाने केली, आणि तो नट वेर्नर क्राउस. (दिग्दर्शकाचं ते ‘फाइट’ पहिलं नाव आहे, आपल्या नटाशी काही नातं नाही.) क्राउसचा अभिनय वाईट होता असं म्हणून सुटका करून घेता येत नाही. तो उत्तम नट होता आणि त्याने ते उत्तम केलं, म्हणून तर ते विष इतकं लागू पडलं. १९५४ मध्ये त्याला इफलांड अंगठी मिळाली, जर्मन भाषेच्या रंगभूमीवरचा सर्वांत मानाचा सन्मान. समीक्षक झीगफ्रीट क्राकाउअरने १९४७ साली एका पुस्तकात कालिगारीपासून हिटलरपर्यंत एक रेघ ओढली: हुकूम देणारा डॉक्टर आणि झोपेत मारणारा तरुण म्हणजे पुढच्या जर्मनीची चाहूल. मला ती रेघ फार सरळ वाटते. प्रत्यक्षात हुकूम सोडणारा डॉक्टर हुकमाचा ताबेदार झाला आणि झोपेत चालणारा उठून बाहेर पडला.

बाहेर पडला, ठीक. पण बाहेर काम काय?

इथे तुम्ही जरा थांबा, कारण हा भाग तुमच्या-माझ्या जवळचा आहे. रंगभूमीवर वाढलेल्या नटाचं भांडवल म्हणजे भाषा. चाळिशीत ती बदलायची म्हणजे हात बदलून तबला वाजवण्यासारखं आहे. जर्मन माणसाच्या इंग्रजीत शब्दाच्या टोकाचे घोष वर्ण अघोष होतात, ‘द’ चा ‘त’ होतो, ‘ग’ चा ‘क’ होतो. ही सवय मोडायला वर्षं जातात. फाइटने इंग्रजी शिकलं, खूप चांगलं शिकलं, पण उच्चारातला जर्मनपणा गेला नाही. मग त्याने जे केलं ते मला फार हुशारीचं वाटतं. तो हळू बोलायला लागला. प्रत्येक शब्दाला जागा दिली. त्यामुळे चाचपडणं न वाटता तो अधिकार वाटू लागला. ज्यांनी कॉन्फरन्समध्ये पहिलं भाषण देताना हीच युक्ती शोधलीय, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

या काळातलं त्याचं सगळ्यात चांगलं काम, माझ्या मते ‘कॅसाब्लँका’च्याही वरचं, म्हणजे ‘द स्पाय इन ब्लॅक’. दिग्दर्शक मायकेल पॉवेल, लेखक एमेरिक प्रेसबर्गर, जो स्वतः हंगेरीहून बर्लिनमार्गे पळून आलेला ज्यू निर्वासित. ही या जोडीची पहिली एकत्र कामगिरी. कथा पहिल्या महायुद्धातली: जर्मन पाणबुडीचा कप्तान हार्ट मोटारसायकल घेऊन ऑर्कनी बेटांवर उतरतो, स्कॅपा फ्लो बंदरातल्या ब्रिटिश आरमाराची खबर काढायला. सिनेमा १९३९ च्या ऑगस्टमध्ये आला, सप्टेंबरमध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं, आणि १४ ऑक्टोबरला खऱ्या जर्मन पाणबुडीने त्याच स्कॅपा फ्लोमध्ये ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवली. अशा दिवसांत ब्रिटिश प्रेक्षकांसमोर नायकाच्या जागी एक जर्मन कप्तान!

आणि हा कप्तान लोण्यावर जीव टाकतो. मायदेशी युद्धाच्या टंचाईत जेवायला धड काही मिळत नाही, आणि शत्रूच्या घरात टेबलावर चक्क लोणी. ते बघून फाइटच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो, तो बघाच. एका क्षणात गणवेशातून भुकेला माणूस बाहेर येतो. पुढे तो एका बाईच्या प्रेमात पडतो, फसवला जातो, आणि शेवटी ज्या बोटीवर तो असतो ती त्याचीच पाणबुडी बुडवते. आपण शत्रूसाठी हळहळतो आणि तरी तो शत्रूच राहतो, कुठेही गुळगुळीत केलेला नाही. फाइट १९३९ मध्येच ब्रिटिश नागरिक झाला. पुढच्याच वर्षी ब्रिटनने हजारो जर्मन आणि ऑस्ट्रियन निर्वासितांना, ज्यूंनासुद्धा, ‘शत्रुदेशाचे’ म्हणून छावण्यांत टाकलं. पासपोर्टच्या तारखा किती महत्त्वाच्या असतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता त्याच्याबद्दल एक तक्रार, आणि ती लहान नाही. ज्या नटाला पुढे एकाच साच्यात कोंबलं गेलं, त्याने स्वतः आपल्याकडच्या माणसांचे साचे बिनदिक्कत वापरले. १९२१ चा ‘भारतीय समाधी’ पाहा. जो माय दिग्दर्शक, पटकथा फ्रिट्झ लांग आणि टेआ फॉन हार्बू यांची. बर्लिनजवळ उभारलेला भारत, त्यात वाघ, जमिनीखालून काढलेला रामिगानी नावाचा योगी (असं नाव कुणी ऐकलंय?), आणि फाइट ‘बंगालचा महाराजा’. चेहरा काळवंडलेला, अंगावर दागिने, डोक्यात सूड. नट म्हणून तो सुंदर आहे, त्या महाराजाचं दुःखही खरं वाटतं. पण तो महाराजा कुठल्याही देशाचा नाही. गंमत म्हणजे तो भारत कागदावर रचणाऱ्या हार्बूच्या आयुष्यात पुढे खरोखरच एक मराठी माणूस आला, बेळगावकडचे पत्रकार अयी तेंडुलकर. ती गोष्ट इतकी मोठी आणि गुंतागुंतीची आहे की तिला वेगळा भाग लागेल.

‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) मधला जाफर याच जातीचा. म्हैसूरहून आलेला साबू त्यात खऱ्या अर्थाने नायक आहे, आणि त्याच्या समोर बर्लिनचा फाइट पगडी घालून अरब वजीर. मला हा सिनेमा आवडतो, लहानपणापासून आवडतो, आणि तो जाफर बघताना आता अवघडल्यासारखंही होतं. ही दोन्ही खरी आहेत. जाफरला राजकन्या जादूने मिळू शकते, तिचं प्रेम मात्र मिळत नाही, आणि हे कळणारा खलनायक फाइटने केलाय. त्याच्यावरून निघालेल्या डिस्नेच्या जाफरमध्ये हे काही उरलेलं नाही.

सिनेमाचं शूटिंग युद्धामुळे इंग्लंडमधून हॉलिवूडला हलवलं आणि फाइट तिकडेच राहिला. कमाईतला मोठा वाटा ब्रिटनच्या युद्धमदतीला देत राहिला. आणि कामं आली ती एकाच रंगाची. हॉलिवूडला नाझी हवे होते आणि नाझींचा उच्चार असलेले नट नाझींपासून पळून आलेले होते. हा विनोद त्यांच्यापैकी प्रत्येकाला कळत असणार. १९४२ चा ‘नाझी एजंट’ हा ज्यूल्स दासांचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. कथा कच्ची, शेवट घाईचा. पण त्यात फाइट जुळे भाऊ करतो: एक अमेरिकेत दुर्मीळ टपालतिकिटं विकणारा सज्जन, दुसरा नाझी वकिलातीतला बडा अधिकारी. सज्जन भाऊ दुसऱ्याला मारतो आणि त्याची जागा घेतो. म्हणजे निर्वासित जर्मन माणूस नाझीचं सोंग घेऊन जगायला लागतो. फाइटच्या पोटापाण्याचं यापेक्षा नेमकं वर्णन कुणी लिहिलं नसतं. सज्जन भाऊ जेव्हा आरशासमोर दुसऱ्यासारखं उभं राहायला शिकतो, तेव्हा खांदे कसे बदलतात तेवढं बघा, बाकी सिनेमा पळवलात तरी चालेल.

हे डोक्यात ठेवून स्ट्रासर ऐका. त्या भूमिकेत लोण्याचा क्षण नाही. पटकथेने त्याला माणूस होऊ दिलेलं नाही, आणि मला वाटतं फाइटलाही ते नको होतं. कप्तान हार्टला त्याने जे दिलं ते या माणसाला द्यायचं त्याने नाकारलंय. तो ओरडत नाही, हावभाव करत नाही, खुर्चीत नीट बसतो, सभ्यपणे विचारपूस करतो, धमकी हवापाण्याच्या सुरात देतो. हळू बोलण्यातला तोच कमावलेला अधिकार, पण मागे कुणी राहत नसल्यासारखा. सेझारेसुद्धा हुकमाने मारत होता, पण त्याच्या डोळ्यांत भीती होती. इथे तीही नाही.

‘कॅसाब्लँका’ १९४३ च्या जानेवारीत सगळीकडे लागला. ३ एप्रिलला लॉस एंजेलिसमध्ये गोल्फ खेळताना फाइटला हृदयविकाराचा झटका आला. वय पन्नास. त्यानंतर प्रदर्शित झालेल्या ‘अबव्ह सस्पिशन’मध्ये, इतक्या वर्षांनी, तो नाझींच्या विरुद्ध बाजूचा माणूस होता. बर्लिन पुन्हा त्याने पाहिलं नाही.

सिनेमा पुन्हा लावाल तेव्हा एक जागा दाखवते. रिकच्या बारमध्ये इव्हॉन एका जर्मन अधिकाऱ्याच्या हातात हात घालून येते, आणि एका फ्रेंच अधिकाऱ्याशी त्याची बाचाबाची होते. त्या जर्मन अधिकाऱ्याचं काम हान्स हाइनरिश फॉन त्वार्डोव्स्कीने केलंय. तोही जर्मनी सोडून आलेला. बावीस वर्षांपूर्वी तो ‘कालिगारी’मधला आलान होता, ज्याला सेझारे पहाटेपर्यंतच जगशील असं सांगतो आणि रात्री झोपेत मारतो. आता दोघंही एकाच बारमध्ये, एकाच सैन्याच्या गणवेशात. स्ट्रासर टेबलापाशी बसलेला आहे. गडबड ऐकून तो मान वळवतो, फार नाही, थोडीशीच.